वर ये तू

आई,

ती तीन पोरं आता म्हातारी झाली गं. परवा दुपारी लेकीनं फोनवर शोधून दाखवली. एकाला पार टक्कल पडलंय, दुसऱ्याचं पोट कोटाच्या बटणांत मावत नाही, आणि ज्याच्याशी लग्न करायचं आपल्या वरच्या मजल्यावरच्या मुलीनं नक्की ठरवलं होतं, त्याला जाड भिंगांचा चष्मा लागलाय. स्वीडनमधल्या कुठल्याशा रंगमंचावर तिघं उभे राहून तेच गाणं म्हणत होते आणि त्यांच्याच वयाची सगळी माणसं खुर्च्यांवरून उठून नाचत होती. मी गॅसपाशी होते. धृपद आलं आणि माझा उजवा हात झाऱ्यासकट आपोआप वर गेला. लेक म्हणाली, "मॉम, व्हॉट वॉज दॅट?" मी म्हटलं, "ती तुझ्या आजीची स्टेप आहे." ती हसली. मग मला बसून तिला सगळं सांगावं लागलं, आणि सांगून झाल्यावर वाटलं, तुलाही एकदा सांगावं. तू तिथे होतीस, तरीही.

आपण दोघी नागपूरहून अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गला आलो तेव्हा मी चौदा वर्षांची होते. बाबा वर्षभर आधी येऊन नोकरीत स्थिरावले होते. दुमजली अपार्टमेंटांची ती लांबलचक ओळ, त्यात आपण खाली. सकाळी बाबा गाडी घेऊन ऑफिसला जायचे, मी पिवळ्या बसनं शाळेत, आणि तू त्या गालिचा घातलेल्या घरात एकटी. नागपूरच्या घरात बारा माणसांचा स्वयंपाक तू करायचीस, पण डब्यांच्या किल्ल्या थोरल्या काकूंच्या कमरेला आणि मीठ किती घालायचं तेही त्याच ठरवणार. इथल्या स्वयंपाकघरात आल्यावर पहिल्याच दिवशी तू चारही बर्नर पुसलेस आणि मला म्हणालीस, "पाह्य, ही शेगडी माझ्या एकटीची आहे." एवढंच. पण तुझा चेहरा मी पाहिला होता. मग बर्फ सुरू झाला आणि तू हळूहळू बोलेनाशी झालीस. फोन वाजला की तू त्याच्याकडे नुसती बघत बसायचीस. स्वयंपाक आमच्यापुरता करायचीस, स्वतः ताक-भात. एका रविवारी बाबा तुझ्यासमोर बसले. "अगं, आत्ता काही बोलू नकोस. जूनपर्यंत बघ. नाहीच मानवलं, तर तुम्हा दोघींची परतीची तिकिटं काढतो. दादा-वहिनींकडे राहा, मी येत जाईन." ते रागावले असते तर तू भांडली असतीस. ते मायेनं बोलले, म्हणून तू "बरं" म्हणालीस. आणि मला कुणी विचारलंच नाही. मला इथंच राहायचं होतं. खरं तर शाळेत माझी रोज शोभा होत होती. बाईंनी प्रश्न विचारला की मी कॉन्व्हेंटच्या सवयीनं ताडकन उभी राहून "येस, मिस" म्हणायची आणि अख्खा वर्ग खिदळायचा. तरी मला राहायचं होतं, तुझ्या त्या चार बर्नरांसाठी.

फेब्रुवारी असेल. मी शाळेतून येते तर तू स्वयंपाकघरात छताकडे बघत उभी आहेस. "काहून गं, वरचे लोक मराठी आहेत का?" मी म्हटलं, "नाही गं, गोरे आहेत. मी बसला जाताना पाहते ना." "मग हे पोट्टे मराठीत काहून बोलावतात?" तू बोट वर केलंस. वरून ढोल, टाळ्या आणि तीन कोवळे आवाज झिरपत होते, आणि आई, देवाशप्पथ, ते म्हणत होते, "वर ये तू, वर ये तू". मी पुन्हा ऐकलं. पुन्हा तेच. "आणि वास घे," तू म्हणालीस. छतावरच्या जाळीतून गरम लोणी आणि वेलचीचा वास येत होता. "गोऱ्यांच्या घरी विलायची? असते का कधी?" मी कॉन्व्हेंटची मुलगी. मी तुला समजावून सांगितलं की हे कुठलंतरी परभाषेतलं गाणं असणार, शब्दांचा भास होतोय, आणि ओळख नसताना, निमंत्रण नसताना कुणाचं दार वाजवणं बरं नव्हे. तू मान उडवलीस. "निमंत्रण अजून कसं असते? सकाळपासून वर ये, वर ये चाललंय. तुझ्या त्या सिस्टरांनी तुला दार वाजवायचं शिकवलं, आत जायचं नाही शिकवलं."

दुसऱ्या दिवशी मी आले तर घर सताड उघडं आणि तू नाहीस. बाबांचा जुना कोट खुंटीवर नाही. मी "आई, आई" करत बाहेर धावले, आणि वरून तुझं हसू ऐकू आलं. नागपूर सोडल्यापासून ऐकलं नव्हतं ते, मोठ्यानं, तोंडावर पदर न घेता. मी जिना चढून गेले. टेबलाशी तू बसली होतीस, बाबांचा कोट साडीवर, समोर आपली शंकरपाळ्यांची थाळी. समोर उंच, लालगोऱ्या, पिठानं माखलेल्या हातांच्या बाई, ज्यांना आपण पुढे कायम वरच्या मावशी म्हणत राहिलो. त्या स्वीडनहून लग्न होऊन आलेल्या. इंग्रजी त्यांचं तुझ्याहून थोडंसंच बरं. आणि जमिनीवर रेकॉर्ड प्लेयरपाशी पालथी पडलेली त्यांची मुलगी, माझ्याच वयाची. मावसबहिणीनं तिला तिकडून ती छोटी तबकडी पाठवली होती. तिकडे त्या वर्षी तिनं नुसता धुमाकूळ घातला होता म्हणे. वेष्टनावर पांढऱ्या पँटी घातलेले, केस फुलवलेले तीन मुलगे. "हे काय म्हणतायत?" मी तिला विचारलं. तिनं सावकाश म्हणून दाखवलं, "वार ए दू. इट मीन्स, व्हेअर आर यू." मी विजयी मुद्रेनं तुझ्याकडे वळले. "आई, ते 'वर ये' नाहीये. 'तू कुठे आहेस' असं विचारतायत ते." मला वाटलं, तू ओशाळशील. तू वाटीतलं लोणी बोटानं चाखत म्हणालीस, "तेच की. तू कुठे आहेस असं जो विचारतो, त्याला तू यायला पाहिजे असते." मी ते इंग्रजीत सांगितलं, आणि आपल्या भाषेत ते शब्द कसे ऐकू येतात तेही. वरच्या मावशी हसता हसता टेबल धरून खाली बसल्या. डोळे पुसले तर गालभर पीठ. म्हणाल्या, "देन यू कम. एव्हरी डे. द बॉइज से सो."

आणि तू जायला लागलीस. वरच्या मावशी पावाच्या पिठात वेलची भरड कुटून घालायच्या. तुला ते पटेना, तू खलबत्ता घेऊन वर गेलीस आणि बारीक पूड करून दिलीस. त्यांनी चाखली, मान हलवली, "नो, नो," म्हणाल्या, आणि तुला भरड कुटायला लावली. दोघी वाद घालायच्या, तू मराठीत, त्या स्वीडिशमध्ये, आणि दोघींना सगळं समजायचं. सांजा तुझा, बन त्यांचे. खाली फोन वाजला की आता तू उचलायचीस, कारण बहुधा तो वरूनच असायचा: "कम. कॉफी." तुझं पहिलं इंग्रजी वाक्यही त्याच फोनवर झालं: "आय कमिंग, वेट." व्याकरण दुरुस्त करायला मी तोंड उघडलं, तोवर तू जिन्यात होतीस. बाबा संध्याकाळी विचारायचे, "आज काय विशेष?" आणि तू सांगत सुटायचीस. ते जेवता जेवता तुझ्याकडे बघायचे, पण तिकिटांचं काही बोलायचे नाहीत. जून पुढे होताच. तुझं नागपूरला पत्र जायचं, थोरल्या काकूंचं उत्तर यायचं: मागची खोली रंगवून ठेवली आहे, कधी येता ते कळवा.

मग जून आला. शिकागोतल्या स्वीडिश वस्तीत वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाचा उत्सव असतो. वरच्या मावशी आपल्याला सगळ्यांना घेऊन गेल्या. बागेत पानाफुलांनी मढवलेला उंच खांब, भोवती माणसांचा फेर, हिरवळीवर टेबलं, व्हायोलिनवाले म्हातारे. तू जांभळी इरकल नेसली होतीस, आणि वरच्या मावशींनी तुझ्या अंबाड्याभोवती डेझीच्या फुलांची माळ गुंडाळली होती. बाबा कॅमेरा गळ्यात घालून लाजत कडेला उभे. म्हाताऱ्यांची गाणी झाल्यावर पोरांनी गलका केला आणि लाउडस्पीकरवर ते गाणं लागलं. सगळी बाग ओरडली. आणि तू वरच्या मावशींचा हात धरून फेरात शिरलीस. मला अजून दिसतंय. धृपद येतं, सगळी माणसं गातायत 'तू कुठे आहेस', आणि त्यांच्या मधोमध तू, मान ताठ करून, खणखणीत आवाजात, "वर ये तू!" गातेयस आणि 'वर'ला उजवा हात आभाळाकडे नेतेयस. एकालाही फरक कळत नाहीये. तुझ्या बाजूच्या आजोबांना वाटलं, नाचाची हीच पद्धत असेल. त्यांनीही हात वर केला. मग त्यांच्या शेजारणीनं. पुढच्या धृपदाला अर्धा फेर आणि शेवटच्याला सगळी बाग, नाक पुसणारी लहान पोरंसुद्धा, हात वर करत होती. गाणं संपलं तरी तू थांबली नाहीस. पदर खोचलास, वरच्या मावशींचे दोन्ही हात धरलेस आणि फुगडी घातलीस. लोकांनी रिंगण केलं. मावशी किंचाळत होत्या, "स्टॉप, स्टॉप, नो, मोअर!" बाबा फोटो काढायचा विसरले. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या एका माणसानं विचारलं, "हू इज शी?" बाबा म्हणाले, "माय वाइफ, यार," आणि मग जीभ चावली.

परत येताना गाडीत तुम्ही दोघं पुढे, मी मागे. हायवेवर ऊन अजून तिरपं होतं. बाबा म्हणाले, "अगं, जून आला. एकदाच विचारतो. तिकिटं काढू का?" तू फुलांची माळ मांडीवर घेऊन बसली होतीस. म्हणालीस, "काढा की. एकच काढा, मोठ्या बाईंचं. येऊन पाहू द्या माझं घर." बाबांनी स्टिअरिंगवर थाप मारली. त्यांचे खांदे हलायला लागले.

थोरल्या काकू पुढच्या वर्षी खरंच आल्या. दोन स्वेटरांवर शाल घेऊन, पायांत बाबांचे मोजे घालून, तुझ्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून राहिल्या आणि मीठ किती ते तू ठरवलंस. वरची मुलगी तोवर दुसऱ्या कुणा पोराच्या प्रेमात पडली होती, म्हणून ती तबकडी तिनं तुला देऊन टाकली होती. आपल्याकडे वाजवायला काहीच नव्हतं. तू तिचं वेष्टन देवांच्या फळीवर, गणपतीशेजारी उभं केलं होतंस. काकूंनी हात जोडता जोडता डोळे बारीक केले. "हे तिघं कोण महाराज?" तू फोडणीकडे बघत म्हणालीस, "बोलावणारे आहेत. पाया पडलं तरी चालते."

हे सगळं मी परवा लेकीला सांगितलं. गाडीतलं तुझं वाक्य आलं तेव्हा तिनं टाळी वाजवली, सगळेच वाजवतात. मी ते माझ्या लग्नात सांगितलं, मंडळाच्या कार्यक्रमात सांगितलं, तू गेलीस तेव्हा जमलेल्या लोकांना सांगितलं आणि रडणारी माणसं हसली. हे पत्र कुठे जाणार नाही, तेव्हा तुला सांगते. बाबांनी "एकदाच विचारतो" म्हटलं आणि मी कानांत बोटं घातली. घट्ट. तू काय म्हणालीस ते मी ऐकलंच नाही. मला फक्त बाबांचे खांदे दिसले, आणि मला वाटलं, ते रडतायत, म्हणजे आपण चाललो. ते हसत होते हे मला दुसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं, आणि तुझं वाक्यही. पण इतकी वर्षं सांगून सांगून ते आता मला तुझ्याच आवाजात ऐकू येतं, बांगड्यांच्या किणकिणीसकट.