दादाच्या कपाटातल्या बाटल्या

५ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. तुम्हीही सगळे बरे असाल असं धरून चालते.

नऊ वर्षांपूर्वी, १७ ऑगस्टला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, इस्पितळाच्या जिन्यात चार माणसांदेखत तू म्हणालास, "यकृत उगाच जातं का? लपून पीत असणार." दादाला जाऊन तासही झाला नव्हता. वहिनी दोन पायऱ्या वर उभी होती. तारीख-वेळेशिवाय तक्रार करू नये, हे शाळेत सिस्टरांनी छडी मारून शिकवलंय, म्हणून लिहिली. तेव्हापासून मी तुझ्याशी बोलले नाही.

आता बसून वाच.

गेल्या वर्षी माझी बोटं मुळाशी दुखायला लागली. तीन डॉक्टरांनी "वय झालं" म्हणून बोळवण केली. चौथ्या डॉक्टरीणबाईंनी रक्तातलं लोह तपासलं. वाजवीपेक्षा सहापट.

"आजी, घरात कुणाला यकृताचा त्रास?"

"होता. आणि आजी म्हणू नकोस."

शरीर अन्नातून गरजेपुरतंच लोह घेतं. आई आणि बाबा, दोघांकडूनही सदोष जनुक आला, तर काहींचा हा नळ बंदच होत नाही. लोह यकृतात, सांध्यांत साठत राहतं. दादाची साखर, त्याची काळवंडलेली कातडी (आपण म्हणायचो, उन्हात फिरतोस) त्यातलीच. माझी जनुकतपासणीही झाली. दोन्हीकडून आलाय.

तरी मी अंदाजावर थांबणारी नव्हे. तेहेतीस वर्षं दफ्तरखान्यात काढलीत. वस्तू हरवत नाही, चुकीच्या कपाटात जाते. तपासणीसाठी काढलेला दादाच्या यकृताचा तुकडा मेणात जपलेला असणार. इस्पितळ म्हणालं, "इतकं जुनं नसतं, बाई." पाच पत्रं लिहिली. सहाव्याला सापडला. लोह दाखवणारा रंग दिल्यावर सगळा निळा. दारूच्या खुणा नाहीत, असं अहवालात स्वच्छ लिहिलंय. प्रत सोबत आहे. वहिनीला वाचून दाखवली. तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, "पुन्हा वाचा." तीनदा वाचली.

एक लिहायचं टाळत होते. दादा जायच्या महिनाभर आधी, वहिनी बाहेर गेलेली असताना, मी त्याचं कपाट उघडलं होतं. मीही बाटल्याच शोधत होते. अकरा निघाल्या. सगळ्या माझ्याच. दादा थकतो म्हणून मी दरमहा पाठवलेलं लोहाचं टॉनिक. बहिणीने पाठवलंय म्हणून थेंब न ठेवता प्यायला होता. डॉक्टरीणबाई म्हणतात, आजार त्याने झाला नाही. भर पडली का, हे मी विचारलं नाही. संशय मीही घेतला होता; जिन्यात तुला गप्प करायला मला तोंड नव्हतं, ते म्हणून.

लोह उतरावं म्हणून माझं रक्त दर आठवड्याला काढून टाकतात. सात पिशव्या झाल्या, आकडा निम्म्यावर आलाय, यकृत शाबूत आहे. सांगून ठेवते, मी हे जिंकणार.

आता तू. भावंडांत चारात एकाला हे निघू शकतं. घड्याळ उघडताना तुझ्या हातातून चिमटा निसटतो, दुपारीच दुकान बंद करतोस, हे तुझी लेक मला कळवते. तिला रागावू नकोस.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचपर्यंत मला दोन कागद हवेत: तुझ्या लोहतपासणीचा अहवाल आणि वहिनीला लिहिलेल्या माफीपत्राची प्रत. फोन करू नकोस, फोनची नोंद राहत नाही. पत्र जमत नसेल तर नमुना मागव. माझं मी काल तिच्या हातात दिलं.

मुदत वाढवून मिळणार नाही. मला भाऊ आता एकच आहे.

तुझी,
ताई