कबरस्तान वर नेलेलं गाव

अंबरपेठ, १४ नोव्हेंबर १९९६

आमच्या ऑफिसात परदेशांचे नकाशे कामाला येतात; आज फ्रान्समधल्या एका डोंगरी गावाचा नकाशा कॉम्प्युटरवर उतरवला. जुन्या नकाशात नदीकाठी चर्च, थोडी घरं, कबरस्तान. नव्यात सगळीकडे धरणाचं पाणी. साहेब म्हणाले, “पुराने घरां मिटा दो, पानी भर दो.” मिटवली. पण कबरस्तान नव्या नकाशातही होतं, वर उतारावर. म्हणजे गाव उठताना मेलेल्यांनाही सोबत नेलं?

आईला हे कशाला सांगितलं मी? आमचंही गाव धरणात गेलं. माझी थोरली बहीण, दोन महिन्यांची असताना गेलेली, तिथं लिंबाखाली पुरलेली; ती तिथंच राहिली.

भाकरी थापता थापता आईचा हात थांबला. “तान्ह्या लेकरांनाही नेलं का रे?”

नकाशात तसलं काही कळत नाही. मी ‘हो’ म्हणालो.