ढब्बू वाजला!

७ फेब्रुवारी, शनिवार

वाजला! वाजला वाजला वाजला!!! आधी नुसता खरखरला, मग गप्प. म्हटलं गेलं, बोंबललं सगळं, आणि तेवढ्यात अख्ख्या खोलीत ढोल! माझ्या हातातल्या डब्यातून! मी पलंगावर उड्या मारल्या. वय वर्षं वीस. लाज नाही.

फोन तिकडे टेबलावर आणि आवाज इकडे, मध्ये वायर नाही. दुकानात असले स्पीकर ढिगाने असतात, माहितीये, पण हा मी केलाय. आतला गोल स्पीकर जुन्या दिल्लीतल्या लाजपत राय मार्केटातला, सेल जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले, आणि बाहेरून आईचा पोह्यांचा स्टीलचा डबा. पोहे सध्या पातेल्यात आहेत. आईला अजून पत्ता नाही.

नाव ठेवलं — ढब्बू. बुटका आहे आणि पोट सुटलंय.

याला मार्क नाहीत, कोणी करायलाही सांगितलेला नाही. पण एकवीसला नोएडात कॉलेजचं प्रदर्शन आहे आणि सर म्हणालेत, "मयुरा, नीट वाजला तर टेबल देतो. नुसता वाजला तर नाही." बघाच तुम्ही!

८ फेब्रुवारी, रविवार

नीट वाजत नाहीये. झाकणाच्या फटीतून हवा निसटते आणि ढोल आला की डबा कुरकुरतो. रबर लावून पाहिलं, चिकटपट्टी लावून पाहिली — छे! मग ओट्यावर नजर गेली. कुकरची रिंग!! अशी चपखल बसली की मी तिचा मुकाच घेतला.

दुपारी आई कुकरसमोर उभी. "आज शिट्टी का होत नाहीये गं?" मी ढब्बूवर टॉवेल टाकला. वरण कच्चंच राहिलं. बाबांनी तेच वाटीभर संपवलं, बाबांचं तसंच असतं.

संध्याकाळी चोरी पकडली गेली. "पोह्यांचा डबा पण?! अगं, तुझं लग्न होईपर्यंत माझं स्वयंपाकघर तरी उरेल का?" असं म्हणत होती आणि हसतही होती. सेक्टरच्या मार्केटात पळत जाऊन नवी रिंग आणून दिली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

रिंगनंतर ढोल असा घुमतो की पोटात गुदगुल्या होतात यार!

११ फेब्रुवारी, बुधवार

आता माझी पद्धत ठरली आहे. कॉलेजातून आलं की ढब्बूत काहीतरी बदलायचं. आत थोडा कापूस भरायचा, भोक जरा मोठं करायचं, असलं काहीतरी. मग तेच ते पंजाबी लग्नातलं ढोलाचं गाणं लावायचं, फोन बाल्कनीच्या दारात ठेवून रेकॉर्ड करायचं आणि कालच्याशी ताडून पाहायचं. रोज तेच गाणं. आई म्हणते, आता तिला स्वप्नातही नवरी सासरी जाताना दिसते.

आज गाणं चालू असताना आई बाल्कनीतून धावत आली. "बंद कर, बंद कर! खालून कोणीतरी पाइप ठोकतंय!"

पाण्याचा पाइप सगळ्या बाल्कन्यांमधून खालपर्यंत जातो. खाली कोण? भाटिया आंटी. मेले!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आवाज अर्ध्यावर आणला. तरी टण् टण्! आणि आज नेमके बाबा लवकर घरी आलेले, त्यांनीही ऐकलं.

भाटिया आंटी म्हणजे लिफ्टमध्ये भाजीची पिशवी छातीशी धरून समोर बघत राहणाऱ्या. गेल्या वर्षी अंकल गेले, मुलगा कॅनडात, त्या एकट्या. तेव्हापासून त्यांचं हसू कोणी पाहिलेलं नाही.

बाबांचा चेहरा पडला. "घरात दुःख आहे त्यांच्या, आणि आपण डोक्यावर ढोल बडवतोय! शोभतं का?"

"मी जाऊन सॉरी म्हणते ना."

"नको, नको. उगाच कशाला? त्यांना आणखी अवघडल्यासारखं व्हायचं."

झालं! आमच्या घराचं ब्रीदवाक्य — उगाच कशाला. सोळा वर्षं दिल्लीच्या द्वारकेत राहून शेजाऱ्याची बेल वाजवायची ती फक्त दिवाळीचा फराळ द्यायला, तोही दारातूनच.

ढब्बूची रवानगी माळ्यावर. "एकवीसच्या सकाळी काढ," म्हणाले. पण वाजवल्याशिवाय तो नीट होणार कसा? आणि नीट झाला नाही तर टेबल कुठलं? रडले मी. खरंच रडले.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज लिफ्टमध्ये आंटी होत्या. मी जिन्याने खाली पळाले. दोन दिवसांत पाइपचं नावही नाही. खूश असतील.

१६ फेब्रुवारी, सोमवार

वाजवायला बंदी आहे, ऐकायला नाही! हेडफोन लावून जुनी रेकॉर्डिंगं काढून बसले. कापूस भरल्यानंतरचं फारच गोड आलंय. पण मध्येमध्ये बारीक टण् येतोय. आत स्क्रू ढिला असणार. हाय रे देवा!

बाबा ऑफिसात गेल्यावर स्टूल घेऊन माळ्यावरून ढब्बू उतरवला, पूर्ण खोलला. सगळे स्क्रू घट्ट. कान लावून हलवला. काही नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणे, "नारळ आहे का तो?"

१८ फेब्रुवारी, बुधवार



टण् ढब्बूतला नाहीच. दहाच्या रेकॉर्डिंगमध्ये तेच गाणं आहे, पण टण् अजिबात नाही; तो अकराला सुरू होतो, पाइप ठोकला त्या दिवशी. म्हणजे पाइपच! रेकॉर्डिंगमध्ये भाटिया आंटींचा राग कैद झालाय. वा, काय नशीब!

आईला हेडफोन दिला, नुसतं दाखवायला. ती पोळ्या लाटत होती. ऐकता ऐकता तिचं लाटणं हळूच पोळपाटावर आपटायला लागलं. टक्, टक्टक्, टक्.

"मयू," ती म्हणाली, "रागावलेलं माणूस तालात ठोकतं का गं?"

मी परत ऐकलं. अकराचं, मग बाराचं. दोन्ही दिवशी बरोब्बर ढोलाच्या मागून, जिथे रिकामी जागा तिथेच टण्टण्! एकदाही चुकलेला नाही!

बाबांना ऐकवलं. ऐकून चष्मा पुसला. "योगायोग असेल. विचारायला जाऊ नकोस, उगाच—"

"कशाला!" मी आणि आई एकदम.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दोन वेळा त्यांच्या दारापर्यंत गेले. दोन वेळा परत आले. मी पण याच घरची ना!

२० फेब्रुवारी, शुक्रवार

गेले. ढब्बूला कडेवर घेऊन. बेल वाजवली. दार उघडलं, मी तोंड उघडायच्या आत आंटीच सुरू — "कितने दिन हो गए! बजाती क्यों नहीं, पुत्तर? मैं रोज चम्मच लेकर बाल्कनी में बैठती हूँ!"

लग्नांमध्ये अंकल ढोलक धरायचे आणि आंटी त्याच्या लाकडावर चमच्याने ठेका द्यायच्या. अंकल गेल्यापासून चमचा नुसता भाजीतच. मग एका दुपारी वरून ढोल आला. "दूसरे दिन फिर वही गाना! मैं समझी तू मेरे लिए बजा रही है."

ढब्बू टेबलावर ठेवला आणि गाणं लावलं. पूर्ण आवाजात.

सगळं ट्यूनिंग आज इथेच झालं, त्यांच्या बैठकीत. "ढोल का पेट भर, अभी खाली है," म्हणाल्या. कापूस वाढवला. बरोबर होतं! उद्या नोएडाला सोबत येतायत. चमचा पर्समध्ये ठेवलाय.

आणि आत्ता, हे त्यांच्या सोफ्यावर बसून लिहितेय, गाणं चालूच आहे, तर वरून पाइपवर टण्... टण् टण्... टण्. बाबा!! "उगाच कशाला"वाले माझे बाबा!

आंटींनी कपाळावर हात मारला. "हाय रब्बा, ये बेताला कौन है? नीचे बुला उसको."