खुर्चीचा पुसलेला पाय

भांडी पालथी घातली, चादरी दोरीवर टाकल्या आणि आत वळले, तर मुलगा भिंतीवरचं चित्र ओल्या फडक्याने पुसत होता. काच बदलायला काढलेली, आणि चित्र जलरंगातलं. मी ओरडेपर्यंत खुर्चीचा एक पाय फडक्यावर आला होता.

मी, लाकडाला पॉलिश करणाऱ्याची विधवा, हे मृत्युपत्र कुणाच्या दडपणाशिवाय लिहिते. डोकं ठिकाणावर आहे; अक्षर वाकडं येतं ते वयाने.

घर आणि बँकेतली शिल्लक मुलगा व मुलगी यांना निम्मी निम्मी. हत्यारं मुलाला, तो बापाचाच धंदा करतो. पुस्तकं मुलीला, कडेला मी लिहिलेलं खोडू नये.

मोठ्या दिरांना टाचणीही देऊ नये. माझ्या नवऱ्याच्या, यांच्या, आजारपणाच्या खर्चासाठी सासऱ्यांनी घडवलेलं कपाट आणि खुर्ची विकावी लागली. न्यायला गाडी येण्याआधी यांनी दोन्ही समोर ठेवून चित्र काढलं, तेव्हा दीर हसले होते, "लाकूड विकलं नि कागद सांभाळतोय!"

आता चित्र. कपाटाचा तपकिरी रंग पातळ थर वाळवत वाळवत चढवलाय. खुर्चीच्या हातावर उजेड पडतो तिथे रंगच नाही, कागद कोरा सोडलाय. रोज बघूनही मला तिथे पॉलिशच चकाकताना दिसतं. हे गेल्यापासून माझे डोळे तिथेच टेकतात.

पाय पुसला गेल्याचं कळताच मुलगी सासरहून आली नि म्हणाली, "आई, याच्या हाती हे नको. मला दे."

"मी काय मुद्दाम केलं?"

"नसेल. पण बाबांचं एवढंच उरलंय!"

"मग मी कोण, भाड्याने आणलेला?"

"त्याला दिलंस तर या घरात पाऊल टाकणार नाही," असं मला सांगून ती गेली.

चित्र मुलालाच द्यावं. जुनं लाकूड आधी ओल्या फडक्याने पुसायचं, मग पारखायचं, हे यांनीच त्याला शिकवलं. त्याच्या हाताला कागदावर लाकूडच दिसलं. यांच्या चित्राला याहून मोठी दाद कुणी दिलेली नाही. पाय पुन्हा रंगवू नये.

साक्षीदार: शेजारची शिंपीणबाई, कोपऱ्यावरचा औषधवाला. तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या.
ठिकाण: राहतं घर, पुढची खोली.
दिनांक: १९ जून, संध्याकाळ.

सहीखाली माझ्याच हाताने: दुसऱ्या दिवशी मी मुलीच्या घरी गेले आणि तिच्या दारात उभी राहून तिला चित्राचं कलम वाचून दाखवलं.