'पी'वर अडकलेली मोटार आणि रुसलेली अक्का

पूर्णा, गुरुवार

तीर्थरूप अक्कास, धाकट्या मुंजाजीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (तू "ऊठ" म्हणेपर्यंत डोकं तिथंच राहील.) आम्ही दोघं इकडं बरे आहोत. तुझी तब्येत विचारावी म्हटलं तर तुझा फोन सोमवारपासून बंद. मोतीबिंदूमुळं तुला अक्षर दिसत नाही, म्हणून हे पत्र शेजारच्या राजेश्रीताई वाचून दाखवतील. (राजेश्रीताई, कंसातलं मनातल्या मनात वाचा. पहिला कंस वाचून झाला असेल तर असू द्या.)

सोमवारी तू सकाळीच न्हाऊन, पिशवी भरून ओट्यावर बसलीस. आल्यागेल्याला "माजा भाऊ मोटार घेऊन यायलाय, डोळ्याच्या दवाखान्यात न्यायला" असं सांगितलंस, आणि दिवेलागणीला पिशवी आत नेलीस, हे सगळं मला कळलं. (कुणाकडून ते अक्काला कळता कामा नये, राजेश्रीताई.)

आता झालं काय ते ऐक. आमच्या लेकीनं, मंजूनं, पुण्याहून तिची जुनी मोटार मला पाठवली. ती ऑटोमॅटिक आहे, म्हणजे डाव्या पायाला कामच नाही, आणि माझा डावा गुडघा तर माझ्या आधीच रिटायर झालेला. हिच्यात गियरची दांडी 'पी'वर असली की गाडी उभी, आणि ब्रेक दाबल्याशिवाय दांडी तिथून सुटत नाही. सोमवारी मी नवा शर्ट घालून बसलो, इंजिन सुरू केलं, ब्रेक दाबला, दांडी ओढली. ढिम्म. पुन्हा ओढली, गोड बोलून पाहिलं, तरी ढिम्म. केशर माझ्या हातावर घालायला दही घेऊन दारात उभी होती, त्या दह्याची शेवटी कढी झाली.

तेवढ्यात शेजारचा ट्रॅक्टर मेकॅनिक महारुद्र आला. तो म्हणाला, "काका, दांडीपाशी हे बारकं झाकण हाय न्हवं, ते काढा अन् आत पेचकस दाबा. लगेच सुटतंय." खरंच सुटलं असतं. पण अक्का, मी जन्मभर रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढला. खटका अडला तर लेखी मेमो असल्याशिवाय तो डावलायचा नाही, हे आमच्या हाडात भिनलंय. मी महारुद्रला मेमो मागितला. तो केशरला म्हणाला, "काकू, ह्यांना जरा सावलीत बसवा."

आमच्या खात्याची शिकवण अशी की जे हलत नाही त्याला बडवायचं नाही, त्याला परवानगी कुठून मिळते ते शोधायचं. म्हणून मी केशरला गाडीच्या मागं उभं केलं आणि ब्रेक दाबून विचारलं, लाल दिवा लागला का? ती म्हणाली, कोणता? असं बराच वेळ चाललं. अखेर ठरलं की दिवा लागतच नाही. म्हणजे दांडी निर्दोष. पाय ब्रेकवर पडल्याची खबरच पुढं जात नव्हती, ना दिव्याला, ना दांडीला. आणि मागं लाल दिवा नसलेल्या गाडीत तुला बसवून आणायचं, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं. महारुद्रचं न ऐकण्याचं खरं कारण हे. मेमो आपला बोलायला.

मग फ्यूज पाहिला, तो शाबूत निघाला. (पाहताना भलतेच फ्यूज उपसले गेले, त्यात हॉर्न गेला. तो बुधवारी परत आला.) शेवटी स्टिअरिंगखाली डोकं घालून उताणा झालो आणि तिथंच अडकलो. अडकल्यामुळं नीट बघायला सवड मिळाली. ब्रेकच्या पेडलला काळा दोरा, दोऱ्यात बिब्बा, आणि गाठ बसली होती पाय पडल्याची खबर देणाऱ्या वरच्या खटक्याच्या वायरीला. पहिल्यांदा ब्रेक दाबला तसा दोऱ्यानं वायरीचा प्लग उपसला होता. मी केशरकडं पाहिलं. ती पदर सावरत म्हणाली, "आक्का बसनार हायेत म्हणून बांधला. तुमच्या डायवरकीवर माजा भरवसा न्हाई." प्लग जागेवर बसवला, लाल दिवा लागला आणि दांडी लोण्यातून निघावी तशी निघाली. दोरा आता माझ्या मनगटावर आहे. केशरच्या मते गाडीतला जोखमीचा भाग मीच.

परभणीच्या डॉक्टरांनी उद्याची तारीख दिली आहे. राग सोडावा, ही विनंती.

तुझा,
मुंजाजी

ता. क. ऑपरेशननंतर चारच दिवस आमच्याकडं राहायचं, असं मी तुला म्हणालो होतो. ते खोटं होतं. केशरनं खिडकीजवळची खाट तुझ्यासाठी कायमची लावली आहे. आई गेल्यावर तू मला कडेवर वागवलंस. मला 'मुंज्या' म्हणून हाक मारणारं आता तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही, अक्का. राहायला ये.

आणखी ता. क. हे एवढं तुझ्या दारासमोर, मोटारीत बसून लिहितोय. पत्र राजेश्रीताईंच्या हाती देतो आणि परत इथंच येऊन बसतो, आत यायची हिंमत नाही. राग गेला नसेल तर तो घेऊनच ये. मागची सीट मोकळी आहे.