तीन काठ्या आणि तुझी पाठ

आई,

गेल्या आठवड्यात माझी पाठ दुखली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरकडे जाऊन आले. एकच दिवस लागला मला. बदलापूरला आमच्या इमारतीच्या खालीच दवाखाना आहे, चपला पायात सरकवल्या आणि गेले. त्यांनी एक्स-रे काढायला लावला, उजेडापुढे धरून बघितला आणि म्हणाले, "काही नाही, बसायची खुर्ची बदला." घरी आले ती पलंगाच्या कडेला बसले, आणि संध्याकाळपर्यंत मला उठवेना. पाठीचं दुखणं तर तोवर थांबलंही होतं. तुला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. तू गेलीस त्या वयाची मी कधीच होऊन गेले, आता तुझ्यापेक्षा म्हातारी आहे, आणि तरी हे तुला सांगायला मला इतकी वर्षं लागली.

बाबा गेल्यावर तू जीन्सचं काम धरलंस. उल्हासनगरला, पाच नंबरच्या कॅम्पात, एका सिंधी शेठच्या कारखान्यातून शिवलेल्या पँटींचा गठ्ठा आणायचा, बुवापाड्यातल्या आपल्या खोलीत बसून धागे तोडायचे, कमरेला पट्टा ओवायच्या लुपा लावायच्या, आणि दुसऱ्या दिवशी गठ्ठा परत पोचवून नवा आणायचा. रोजचं जाणं-येणं, तेही चालत. जीन्सचं कापड किती जड असतं हे ते डोक्यावर घेतल्याशिवाय कळत नाही. तू घरी यायचीस तेव्हा तुझी मान एका बाजूला वळायचीच नाही. मी हाक मारली की तू सगळ्या अंगानं वळायचीस, कपाट वळवावं तशी. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. कधी कधी तू म्हणायचीस, "येतेस का गं आज संगं?" आणि मला काहीतरी काम निघायचं. जर्नल पूर्ण करायचं असायचं, नाहीतर मैत्रिणीकडे जायचं असायचं. तू दुसऱ्यांदा विचारायची नाहीस.

कॉलेजात आमचा एक डोंगर चढणाऱ्या मुलामुलींचा गट होता, आठवतंय ना? रविवार आला की मी पाण्याची बाटली घेऊन पसार. चंदेरी गडाच्या पायथ्याशी एकदा आमच्या सरांनी आम्हाला पाठीवर सामान वाहायची चौकट करायला शिकवलं. पिशवी फाटली, कुणी पडलं, सामान वाढलं तर रानातल्या रानात काय करायचं, म्हणून. तीन काठ्या लागतात. खालची आडवी काठी कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, म्हणजे बरोब्बर एक हात. बाजूच्या दोन काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत. त्या दोघींची वरची टोकं एकमेकींवर तिरकी टाकायची, खालची आडव्या काठीवर, म्हणजे त्रिकोण होतो, जिथे काठ्या एकमेकींवर येतात तिथे चाकूने खाच पाडायची म्हणजे त्या हलत नाहीत, आणि सुतळीने आवळून बांधायचं. खालच्या काठीची टोकं थोडी बाहेर ठेवायची, पट्टे अडकवायला. झालं. एक खिळा नाही की स्क्रू नाही. सर म्हणाले, यावर माणूससुद्धा वाहून नेता येतो. परत येताना ट्रेन पकडायची घाई होती, तरी माझ्या डोक्यात एकच होतं, आईचा गठ्ठा यावर बसेल.

पुढच्या रविवारी चामटोलीच्या एका बांधावरून मी निरगुडीच्या सरळ काठ्या मागून आणल्या. शेतकरी म्हणाला, "ने पोरी, पन मुळापासून नको तोडू." मी दारात बसून साल काढते आहे, खाचा पाडते आहे, आणि तू आत मशीनवर बसून मधूनमधून डोकावते आहेस. "काय चाललंय?" "तुला गाडी करतेय." तू हसलीस. पट्टे तूच शिवलेस, जीन्सच्या उरलेल्या कमरपट्ट्यांचे, चार पदरी. मी चौकट तुझ्या पाठीला लावली, पट्टे खांद्यावरून घेतले, वर त्या दिवशीचा गठ्ठा बांधला. तू खोलीत दोन फेऱ्या मारल्यास आणि मान डावीकडे वळवलीस, उजवीकडे वळवलीस. "अगं, मान मोकळी राहते की!" तुझा तो चेहरा मला अजून दिसतो. मला वाटलं, मी जगात काहीतरी केलं.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्याबरोबर गेले. पहिल्यांदाच, आणि तेही चौकट कशी चालते ते बघायला. शेठ गल्ल्यावरून उठून बाहेर आला. "अरे माई, ये क्या लगा के आई है?"

"मेरी लडकीने बनाया," तू म्हणालीस. तुझं हिंदी तेवढंच होतं, पण ते तू इतक्या मोठ्यानं म्हणालीस की आतल्या बायका मशीन थांबवून बघायला लागल्या. शेठनं चौकट हातात घेऊन उलटसुलट बघितली, "बढिया है," म्हणाला आणि नेहमीचा गठ्ठा पुढे सरकवला. तेव्हा तू म्हणालीस, "दो दे. अब झेपता है."

त्यानं कधी तुला जास्त उचलायला लावलं नाही, हे मी मुद्दाम लिहिते. माणूस वाईट नव्हता. दोन गठ्ठे तू स्वतः मागितलेस, आणि ते मागता आले कारण मी ती चौकट केली होती. मी शेजारीच उभी होते. मला अभिमान वाटला.

महिन्याभरात तू म्हणालीस, "इथं टोचतंय गं." हात मागे नेऊन तू जागा दाखवलीस, पाठीच्या मध्याच्या जरा खाली. मी लगेच चौकट हातात घेतली. माझ्या लक्षात आलं, मी काठ्या माझ्या हाताच्या मापानं कापल्या होत्या आणि तू माझ्याहून वीतभर बुटकी. मी सगळ्या गाठी सोडल्या, काठ्या तुझ्या मापाच्या केल्या, नव्या खाचा पाडल्या. पंधरा दिवसांनी तू म्हणालीस, "अजून तिथंच." मग मला वाटलं गाठ लागत असेल. सगळ्या गाठी मी बाहेरच्या बाजूला घेतल्या. मग वाटलं, लाकूडच लागतंय. जुन्या गोधडीचा तुकडा गुंडाळला. शेवटी दोन उभ्या काठ्यांच्या मधे मी जीन्सच्या पट्ट्या ताणून विणल्या, खाटेच्या नवारीसारख्या, म्हणजे पाठीला फक्त कापड टेकेल, लाकूड चार बोटं लांब. ते काम फार सुरेख झालं होतं. सरांना नेऊन दाखवावं असं वाटत होतं. दोन दिवसांनी तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "तिथंच दुखतंय, बाय."

आणि मी चिडले. मी म्हणाले, "आता लाकूड लागतच नाही तुला. चार वेळा बदललं मी. सारखी सारखी माझ्या वस्तूला नावं नको ठेवूस. जमत नसेल तर डोक्यावर घे पुन्हा."

तू तव्यावरची भाकरी उलटलीस. "न्हाई गं, चांगलं आहे ते. माझंच कायतरी असंल." एवढंच बोललीस, आणि त्यानंतर पाठीचं नाव तू कधी काढलं नाहीस.

माझंच काहीतरी असेल, असं तू मला तोंडावर सांगितलंस, आई. लाकूड टेकत नव्हतं आणि तरी दुखत होतं, म्हणजे दुखणं चौकटीत नव्हतं. हे कळायला शिकलेलं असावं लागत नाही, आणि मी तर शिकत होते. मी त्या चौकटीची एकेक गाठ चार वेळा तपासली, आणि तुझा पदर बाजूला करून तुझी पाठ एकदाही बघितली नाही. हात फिरवला असता तरी कळलं असतं. तो सगळा हिवाळा तू वाळत गेलीस. तुझे ब्लाउज तू स्वतःच मशीनवर आत घेत होतीस, मी बघत होते, आणि मला वाटायचं, चालून चालून बारीक होतेय. संध्याकाळी तुझं अंग गरम लागायचं. तू म्हणायचीस, चुलीजवळ बसले म्हणून.

मग तो शिमग्याच्या आधीचा दिवस. तू दारात उभी आहेस, पाठीवर दोन गठ्ठे, आणि एका पायात चप्पल नाही. "चप्पल कुठंय?" मी विचारलं. तू खाली बघितलंस आणि तुलाही तेव्हाच कळलं. "पडली वाटतं कुठं. समजलंच न्हाई." मला हसू आलं. मी हसले, आई, आणि वाटेवरच्या पुलापर्यंत चप्पल शोधून आले. चप्पल मिळाली नाही. चार दिवसांनी सकाळी तू उठायला गेलीस आणि तुझे पाय हललेच नाहीत.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तुला कुशीवर वळवलं, पाठीवरून बोट खाली खाली नेलं आणि एका जागी थांबवलं. तिथे मणक्यावर उंचवटा आला होता, सुपारीएवढा, साध्या डोळ्यांना दिसेल असा. तू दाखवायचीस तीच जागा. मणक्याचा टीबी, ते म्हणाले. "केव्हापासून दुखतंय?" त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तू भिंतीकडे तोंड करून म्हणालीस, "मी लपवलं डॉक्टर. पोरीला काय ठाऊक न्हाई." त्यांनी ते तसंच कागदावर लिहिलं आणि मी लिहू दिलं. नंतर बाहेर आल्यावर त्यांना मी चौकटीबद्दल विचारलं, ते म्हणाले, "लाकडानं हा आजार होत नाही. लवकर आणलं असतंत तर गोळ्यांनी बऱ्या झाल्या असत्या." मग वजनानं? आतून पोखरलेल्या मणक्यावर दोन दोन गठ्ठे पडले, त्यानं? हे मी विचारलं नाही. आजपर्यंत कुणालाच विचारलेलं नाही.

वर्षभर तू पडून होतीस. मी कॉलेज सोडलं, धागे तोडायचं काम घरी घेतलं. गठ्ठा आता शेठचा माणूस सायकलवर आणून द्यायचा. त्यानं तो आधीही आणून दिला असता, आपण विचारलंच नव्हतं. तुझ्या पाठीला जखमा झाल्या, त्या मी रोज धुवायची. तेव्हा बघितली मी तुझी पाठ. एकदा जखम पुसता पुसता मी विचारलं, "तू दोन दोन गठ्ठे का मागितलेस गं? एक पुरत नव्हता का?"

तू म्हणालीस, "दोन आणले का एक दिवस जायला लागत न्हाई. म्हटलं, ऐतवार मोकळा ऱ्हाईल. तुला बी सुट्टी असते."

किती रविवार तू मोकळे काढलेस ते मला माहीत नाही, कारण मी घरी नव्हते. मी डोंगरात होते. तू घरात एकटी बसून काय करत होतीस हे विचारायचं मला धाडस झालं नाही, आणि मग विचारायला तू राहिली नाहीस. बुद्धविहारातल्या बायका आल्या, तुला पांढरी साडी नेसवली, वंदना झाली. त्यांच्यातली एक मला जवळ घेऊन म्हणाली, "लई केलंस पोरी आईचं." सगळे तेच म्हणतात, आजही. कुणी तसं म्हटलं की मी मान हलवते. हे मला जमतं.

लोक म्हणतात, काळ गेला की हलकं होतं. माझं झालं नाही. तिशीत वाटायचं, पोरवय होतं, चुकलं. आता तसंही वाटत नाही. वीस वर्षांची बाई पोर नसते. ती पदर बाजूला करून बघू शकते.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, कुणी वाचायचं नाहीये, म्हणून एक शेवटचं सांगून टाकते. तुझ्या मागचा पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि त्यानंतरच्या दुसऱ्याच रविवारी मी जुन्या गटाबरोबर डोंगरात गेले. वर्षभरात पहिल्यांदा. घरात दुसरी पिशवी नव्हती असं मी स्वतःला सांगितलं आणि ती चौकट पाठीला लावली, वर सगळ्यांचं पातेलं आणि अंथरुणं बांधली. ती फार छान बसली पाठीवर. कुठे म्हणजे कुठे टोचली नाही. सरांनी थांबवून ते विणकाम हात लावून बघितलं, इतरांना बोलावलं, आणि मी काडीने मातीत रेघा ओढून सगळ्यांना समजावून सांगितलं, खाच कुठे, गाठ कुठे, पट्टी कशी ताणायची. मुलं वाहवा म्हणत होती, वारा सुटला होता, आणि मी खूश होते. दुपारी जेवायला बसेपर्यंत, आई, मला तुझी आठवणसुद्धा आली नाही.