प्लॅस्टिकचं पिस्तूल

शनि. १० जाने.
आज मंजिरी न् मी शूटिंग रेंजवर. घरात घुसखोर शिरला तर काय करायचं, त्याचा साध्या नागरिकांसाठी कोर्स. आज आणि पुढचा शनिवार.

कारण दादा. नाशिकला त्याच्याकडे चोर शिरले, वहिनीला ढकललं, तिचं मनगट मोडलं. जूनमध्ये आम्ही अबू धाबी सोडून कायमचे त्याच्या शेजारी राहायला जातोय. लायसन्सला अर्ज कर, घरात हत्यार हवं, हे दादाचं म्हणणं. मला पटलं. मंजिरीला मुळीच नाही. हत्यार घरात येणारच असेल तर मलाही कळायला हवं, म्हणून ती आली.

कोच रूला. लेबनीज, पन्नाशीची. सुरुवातीला गोळी नाहीच. आतल्या खोलीत जा, दार लावून घ्या, पोलिसांना फोन करा, कोण आहे ते ओरडून विचारा. समोर कोण आहे ते दिसल्याशिवाय ट्रिगरवर बोट नाही. मी नुसती मान हलवत होतो. एनसीसीत रायफल चालवलीय, मला काय शिकवते.

नेम चांगला लागला. फोटो लगेच दादाला. मग मंजिरीला दाखवायला वळलो, तर हातातलं पिस्तूलही वळलं. रूलाने मनगट धरून खाली दाबलं, सगळ्यांना थांबवलं. इंग्रजीत, अगदी हळू म्हणाली, "हबीबी, तिथे तुझी बायको उभी आहे."

कान तापले. अजून...

शनि. १७ जाने.
लिहू नये असं वाटतंय.

आज खोटं घर. दोन खोल्या, दिवे मंद. हातात प्लॅस्टिकचं पिस्तूल, गोळी नाही. आतून कोण येणार ते सांगत नाहीत. टॉर्च लावायचा, विचारायचं, हात बघायचे. सगळं पाठ होतं.

दार करकरलं. टॉर्च नाही, विचारणं नाही. दाबला ट्रिगर. टक्.

दिवे लागले. दारात मंजिरी. कानाला फोन, पोलिसांना लावल्यासारखा.

"कोण होतं?" रूला.
"दिसलं नाही."
"मग का झाडलीस?"
मी पिस्तूल तिच्या हातात दिलं.

मग मंजिरीची पाळी, आतून येणारा मी. तिने टॉर्च मारला आणि चक्क मराठीत ओरडली, "कोण आहे? हात दिसू देत." मी दिसल्यावर पिस्तूल खाली. रूला म्हणाली, खलास, म्हणजे झालं, हेच हवं होतं.

घरी लेकीने, ईशाने विचारलं, "सो, हू वॉज बेटर?"
"अर्थात मी."
मंजिरी ओट्याकडे वळली.

सोम. १९
ऑफिसात लक्ष नाही. ईशाला सांगायला हवं. आज नाही जमलं. दादाने नेमाचा तो फोटो फॅमिली ग्रुपवर टाकलाय. सगळ्यांचे अंगठे.

शनि. २४
दुबईला, ऊद मेथात जोश्यांकडे दुपारी जेवायला. विषय निघालाच. मी रंगवून सांगितलं. रेंज, रूला, ते खोटं घर. आणि मग तोंडातून गेलं की अंधारात मंजिरी घाबरली, तिने माझ्यावरच झाडली.

तिचं नाव घातलं. माझ्या जागी. ठरवून नाही, पण थांबलोही नाही.

सगळे हसले. जोशी म्हणाला, वहिनी, लायसन्स तुम्हाला नको. मंजिरीही हसली, पोळ्यांचा डबा पुढे केला. ईशा शेजारी जेवत होती, मान खाली.

परत येताना ईशा मागच्या सीटवर कानात इयरफोन घालून. मंजिरी बाहेर बघत म्हणाली, "तू ट्रिगर दाबलास तेव्हा मी घाबरले नव्हते. चूक होते माणसाची, शिकायलाच गेलो होतो. आज घाबरले."

मी गाडी चालवत राहिलो.

रवि. २५
सकाळी मंजिरीची माफी मागितली. ती म्हणाली, माझ्याकडे काय मागतोस, जोश्यांना सांग. केला फोन. पूर्ण सांगितलं. जोशी म्हणाला, अरे चालतं रे, नवरे सगळे असेच. त्याचं ते समजून घेणं जास्त लागलं.

मग ईशाच्या खोलीत गेलो. वाक्य जुळवून गेलो होतो. ती लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाली, "आय नो, बाबा. आई टोल्ड मी दॅट सेम डे." मग तिच्या मोडक्या मराठीत, "तू कधी सांगतो, ते मी बघत होती."

म्हणजे काल जोश्यांकडेही तिला माहीत होतं. मी हसवत होतो तेव्हा.

संध्याकाळी दादाचा फोन. अर्जाचा एजंट बघून ठेवलाय, कागद पाठव. मग वहिनी बोलली. प्लास्टर निघालंय, पण बेल वाजली की अजून उठवत नाही. "भाऊजी, तुम्ही शेजारी आलात की धीर येईल हो. तुमचा तो नेम बघितला मी."

खरं सांगायचं ओठांवर आलं. तिचा आवाज ऐकून थांबलो. हे थांबणं तिच्यासाठी होतं की माझ्यासाठी, कळत नाहीये.

कळवतो म्हणालो.

मंजिरी समोरच बसली होती. पाठव म्हणाली नाही, नको पाठवू असंही नाही. कागद टेबलावरच आहेत.